स्वस्त लोअर आर्म : सरसकट नकार नको

‘लोअर आर्म कंपनीचाच घ्या’ हा आपल्या वाचकाचा पत्रातला सल्ला सुरक्षिततेच्या काळजीतून आला आहे, पण तो अपुरा आहे. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हा आर्म म्हणजे बहुधा दाबून घडवलेला पोलादी पत्रा. ठोकर बसली नाही आणि गंजला नाही, तर तो सहसा टिकतो. झिजतात ते त्यातले रबरी बुश आणि बॉल जॉइंट. लासलगाव-विंचूर पट्ट्यात, कांद्याच्या ट्रॅक्टरला वाट देताना गाडी साइडपट्टीवरून पुन्हा डांबरावर चढते, तेव्हा तो मार आधी यांनाच बसतो. म्हणून आर्म शाबूत असेल तर निव्वळ बुश बदलणे सर्वांत स्वस्त. अनेक गाड्यांत ते प्रेसवर होते.

‘स्वस्त बॉल जॉइंट निसटला तर?’ ही शंका रास्तच आहे. तो सुटला की चाक आडवे पडते. तिथे बिननावाचा माल मी कुणालाही सुचवणार नाही. पण मूळ कंपनीचा शिक्का आणि बिननावाचा डबा यांच्या मधे सुट्या भागांचे नामांकित उत्पादकही आहेत, हे त्या पत्रात सुटले. शिवाय बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले, तर महागडा बुशही पिळला जाऊन लवकर फाटतो. ते चाकांवर भार आल्यावरच आवळावेत, मग अलाइनमेंट करून घ्यावी.

– एक वाचक, लासलगाव (ता. निफाड)