बाबांची गोळी

सध्या पोस्टिंग जोधपूरला. सुट्टीत साताऱ्याला गेलो तेव्हा कळलं, बाबा बीपीची गोळी एक दिवसाआड घेत होते. "खर्च निम्म्यावर आला," म्हणाले. निवृत्त शिक्षक, पेन्शनमुळे आमच्या नियमांत ते माझ्यावर अवलंबून ठरत नाहीत, म्हणून मिलिटरी हॉस्पिटलची सोय नाही. एनडीएत नकाशे वाचायला शिकलो, पण घरातली औषधाची पट्टी कधी वाचली नव्हती.

वाचली. ब्रँडच्या नावासोबत टेल्मिसार्टन ४०. जनऔषधी केंद्रात तेच निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. बाबांना शंका, "स्वस्त म्हणजे हलकं." म्हटलं, एम. आय. रूममध्ये जवान काय, कर्नल काय, मिळेल ती गोळी घेतो. ब्रँड कोण विचारतं? डॉक्टरांना विचारूनच बदललं, पंधरा दिवस बीपी वहीत लिहिलं. ठीक होतं.

डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. पाळत नसतील तर आपण मागावं, त्यात लाज कसली? गोळ्या चुकवून केलेली बचत मात्र मला मान्य नाही.

काल फोनवर बाबा आईच्या मेटफॉर्मिनचं स्पेलिंग सांगत होते.