कुदळ आणि अपराधभाव

१/ १९८० च्या 'रोग' या संगणकीय खेळात नायकाला व्यवसायच नव्हता. १९८७ पासून विकसित होत आलेल्या 'नेटहॅक'मध्ये मात्र योद्धा, मांत्रिक यांच्या पंक्तीस पुरातत्त्वज्ञही बसला.

२/ त्याच्या हाती आरंभापासून कुदळ असते. भिंत फोडून वाट काढता येते. परंतु ऐतिहासिक मूर्ती फोडली, की त्याला अपराधी वाटते व त्याचे सदाचाराचे गुण घटतात. योद्ध्याला हा दंड नाही.

३/ नियमाचा आशय स्पष्ट आहे : ज्याला दगडाचे मोल कळते, त्याचीच जबाबदारी मोठी.

४/ आता परभणी जिल्ह्यातील चारठाणा पाहावे. जिंतूर तालुक्यातील या गावात यादवकालीन मंदिरे, गोकुळेश्वराचे देवालय, बारव व कोरीव स्तंभ आहेत.

५/ संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याचा व्यवसाय कायदा विचारत नाही; १९५८ चा केंद्रीय कायदा सर्वांना सारखाच लागू आहे. परंतु संरक्षणाच्या यादीबाहेर राहिलेल्या भग्न शिल्पाला तो आधार नसतो. त्याला उरतो तो पाहणाऱ्याचा विवेकच.

६/ म्हणून खेळातील ती सवलत चारठाण्यात कोणीही घेऊ नये. शिल्पाचे वय ज्याने एकदा ऐकले, तो योद्धा उरत नाही; पुरातत्त्वज्ञच ठरतो.