गुटगुटीत बाळ आणि घरातली वडीलधारी

आमच्या लहानपणी बाळ 'गुटगुटीत' असणं हे घराच्या सुबत्तेचं प्रशस्तिपत्रक असे. १९७२च्या दुष्काळातली सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना भरलेले गाल म्हणजे देवाची कृपाच वाटणार! त्या कौतुकातून मी अगदी परवापर्यंत बाहेर पडलो नव्हतो.

माझा नातू चार वर्षांचा. त्याचं वजन उंचीच्या मानानं फार वाढल्याचं डॉक्टरांनी दाखवलं, तेव्हा बोलणी खाल्ली ती सूनबाईनं. मी शेजारी गप्प बसून होतो. बालवाडीतून आणताना रोज क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन देणारा मी, भरवताना हाती मोबाइल देणारी त्याची आजी आणि रविवारी शीतपेयाची बाटली आणणारा आमचा मुलगा. कर्ज तिघांचं, वसुलीची नोटीस मात्र चौथीच्या नावे! बँकेत असा कारभार मी खपवून घेतला नसता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये २.१ टक्के होतं. २०१९-२१मध्ये ते ३.४ टक्के झालं. कमी वजनाची मुलं याहून कितीतरी जास्त आहेत, हे खरंच. म्हणूनच हा आकडा नजरेआड होतो. पण लहानपणीचं जादा वजन बहुधा मोठेपणीही सुटत नाही आणि मागोमाग मधुमेहाची भीती येते.

यावर उपाय म्हणजे पोराला उपाशी ठेवणं नव्हे, 'जाड्या' म्हणून चिडवणं तर नव्हेच. बदलायचं असतं ते घर. आता जेवताना आम्हा सर्वांचेच मोबाइल बंद असतात. काय वाढायचं ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते तो. 'पोट भरलं' म्हणाला, की चिऊ-काऊचे घास थांबतात. शीतपेय घरातच येत नाही. या वयाच्या मुलानं दिवसाकाठी तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं आहे. म्हणून मी स्कूटर घरी ठेवून त्याला चालत आणतो.

पहिले चार दिवस तो दुकानासमोर रडला. माझाच हात खिशाकडे जात होता. पुडा दिला, की तो हसे आणि आपलं प्रेम पोचलं असं मला वाटे. आता वाटेत आम्ही मुंग्यांची रांग पाहतो, पायऱ्या मोजतो. पुड्यानं दोन मिनिटांचं हसू मिळे. आता अख्खा अर्धा तास तो माझं बोट धरून असतो.