हुशार मुलालाही सांगावं लागतं

दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येताना आजीने माझ्या ट्रंकेत फराळाच्या डब्याखाली एक पुस्तक ठेवलं होतं. प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास'. हे १९९४ साली आलेलं पुस्तक तशी कादंबरी नाही. एकाच मुलाच्या, लंपनच्या, गोष्टी आहेत. पण सलग वाचल्या की कादंबरीच वाटते.

आमच्या हाउसमध्ये ते तिघांनी वाचलं. एक म्हणाला, "यात काही घडतच नाही." दुसरा म्हणाला, "लंपन फार हळवा आहे. आपल्या शाळेत आठवडाभरही टिकला नसता." मला दोन्ही मतं पटली नाहीत.

लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. भोवतालची माणसं कानडी मिसळलेलं मराठी बोलतात. त्याला शाळा आहे, मित्र आहेत, सुमी आहे, पण आईची आठवण काही जात नाही. लंपनची हुशारी मार्कांची नाही. आवाज, वास, माणसांचे चेहरे, सगळं त्याच्या आत जाऊन बसतं. 'शारदा संगीत' या पुढच्या पुस्तकात तर तो गाण्याच्या क्लासलाही जातो. अशा मुलाला घरातलं न बोललेलंही ऐकू येतं. मग तो आपल्या मनाने अर्थ लावतो, आणि तो अर्थ बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त दुखणारा असतो.

संत यांचं कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत यांचा हा मुलगा आजोळी दत्तक गेला होता. वडील, ना. मा. संत, १९४६ मध्ये वारले. मोठेपणी ते कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण लंपनच्या गोष्टी लिहिताना त्यांनी आपलं पहिलं नाव लावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दत्तक म्हटलं की झाशीत राहणाऱ्याला दामोदरराव आठवतोच. आउटिंगला गेलो की आपण राणीच्या पुतळ्यासमोर फोटो काढतो. सगळ्यांचं लक्ष तलवारीकडे. पाठीशी बांधलेल्या मुलाकडे कोण बघतं? तो जेमतेम पाच वर्षांचा असताना, नोव्हेंबर १८५३ मध्ये, दत्तकविधी झाला आणि आनंदरावचा दामोदरराव झाला. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. त्या मुलाला कोणी बसवून सांगितलं असेल का, की हे सगळं काय चाललंय?

मी सहावीत इथे आलो तेव्हा "मला का पाठवताय?" असं विचारलं होतं. उत्तर मिळालं, "तू हुशार आहेस म्हणून." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. घरात तेव्हा बरंच काही बिघडलं होतं. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मोठ्यांना माहीत नव्हतं. चार वर्षं मी असं धरून चाललो की माझ्यामुळेच काहीतरी बिघडलं.

'वनवास' संपल्यावर एका रविवारी मी आईला पत्र लिहून सरळ विचारलं. तिने चार पानी उत्तर पाठवलं. त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही. वाचून वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप चांगली लागली.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा हुशार आहे, त्याला आपोआप कळेल, असं समजू नका. त्याला कारण सांगा. आणि ज्युनिअर मित्रांनो, लाइट्स ऑफनंतर उशीत तोंड खुपसून रडण्यात काही कमीपणा नाही. पण सकाळी उठून घरी पत्र लिहा आणि विचारा.

आणि हो, लंपन आपल्या शाळेत नक्की टिकला असता. पुस्तक माझ्याकडे आहे. ज्याला हवं त्याने प्रेपनंतर येऊन न्यावं.