१९३०: जग मंदीत, देश मिठाच्या सत्याग्रहात आणि सोलापूर लष्करी कायद्याखाली

१९३० या वर्षातल्या जागतिक घडामोडींच्या यादीत काही गोष्टी हमखास असतात. फेब्रुवारीत प्लूटोचा शोध लागला, जुलैत उरुग्वेमध्ये फुटबॉलचा पहिला विश्वचषक झाला, सप्टेंबरच्या निवडणुकीत जर्मनीत हिटलरच्या पक्षाने १०७ जागा जिंकल्या. भारतापुरती ही यादी बहुतेक वेळा दांडीयात्रेवर थांबते. सोलापूरचा त्यात क्वचितच उल्लेख होतो. पण त्या वर्षी मे महिन्यात या शहरावरचा इंग्रजांचा ताबा काही दिवसांसाठी सुटला होता.

नेमकं काय घडलं?

६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्याच महिन्यात चितगावचं शस्त्रागार लुटलं गेलं, पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात गोळीबार झाला आणि तिथे गढवाली सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला. सरकार आधीच धास्तावलेलं होतं. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ सुरू झाला. गिरणी कामगारही त्यात उतरले.

८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात शंकर शिवदारे या तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर शहर पेटलं. पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत जाळण्यात आली, दोन पोलीस मारले गेले. सरकारी यंत्रणा कोलमडली आणि ९ ते ११ मे या काळात शहराचा कारभार काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. १९४७ च्या १७ वर्षं आधी आम्ही स्वातंत्र्य अनुभवलं, असं सोलापूरकर म्हणतात ते याच दिवसांमुळे.

सोलापूरच का?

सोलापूरला समुद्र नाही आणि मिठागरंही नाहीत. पण जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा कापड गिरण्यांमुळे हजारो कामगार एकाच शहरात एकवटले होते. एका भोंग्यावर कामाला जाणारी ही माणसं एकदम रस्त्यावरही उतरू शकत होती. त्यातच १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत सुरू झालेल्या मंदीची झळ जगभरच्या कापूस आणि कापड व्यापाराला बसू लागली होती.

लष्करी कायद्यात काय होतं?

१२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागू झाला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणं आणि तिरंगा बाळगणं हेसुद्धा गुन्हे ठरले. डोक्यावरच्या टोपीवर बंदी घालावी लागते, यावरून प्रशासन किती बिथरलं होतं हे कळतं.

चौघांना फाशी

पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीत होते, ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत होते आणि कामगारांमध्ये काम करत होते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. टोपी आणि झेंड्याबद्दलच्या शिक्षा लष्करी कायद्याखाली झाल्या. या चौघांवर मात्र खुनाचा खटला चालला. सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते. सोलापूरकरांनी तो निकाल कधीच मान्य केला नाही, त्यांच्यासाठी ते हुतात्मेच राहिले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली.

त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर १९३० मध्ये, लंडनमध्ये भारताच्या भवितव्यावर पहिली गोलमेज परिषद सुरू झाली होती. एकीकडे वाटाघाटी आणि दुसरीकडे फास, असं त्या वर्षीचं सरकारी धोरण होतं.

आज सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे एकत्र उभे आहेत. दरवर्षी १२ जानेवारीला तिथे अभिवादन होतं. चौघांची आडनावं एकापाठोपाठ एक वाचली, तरी त्या मे महिन्यात सोलापुरात कोण कोण एकत्र आलं होतं हे समजतं.