गव्हाचा लपंडाव

मुलांनो, वर्गात कुणाचा वाढदिवस असला की केक असतोच, नाही का? माझ्या वर्गातली एक मुलगी तेव्हा आपला डबा उघडून बसते. डब्यात राजगिऱ्याचा लाडू. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, ही शिष्ट आहे!

खरं म्हणजे तिला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू, जव अशा धान्यांत ग्लूटेन असतं. मळलेली कणीक रबरासारखी ताणली जाते ना, ती त्यामुळेच. पण ते हिच्या पोटात गेलं की शरीराची संरक्षक फौज बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन आयुष्यभर बंद! पोळीचा चुरासुद्धा चालत नाही. (हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बरं का! आणि पालकांनो, शंका आली तर आधी डॉक्टरांकडे जा. तपासणीआधीच गहू बंद केला तर आजार सापडत नाही.)

हे कळलं कसं, ठाऊक आहे? १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. तेव्हा डिके नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं, एरवी या दुखण्याने खंगलेली मुलं चक्क सुधारताहेत! गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होताच.

तर गेल्या डिसेंबरात या मुलीला मैत्रिणीने नाताळच्या जेवणाला बोलावलं. मैत्रीण ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली. हे नाव त्या समाजाने १८८७ साली घेतलं. मैत्रिणीची आई मला म्हणाली, "बाई, पोरगी माझ्या घरी येऊन डब्यातलं खाणार? मला घास उतरायचा नाही." मग काय, शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी पिशव्या घेऊन गोरेगाव स्टेशनाबाहेरच्या बाजारात!

एका मोठ्या दुकानात 'ग्लूटेन-फ्री' छापलेली पाकिटं होती. असं छापायचं तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. बिस्किटांची किंमत वाचून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "अहो, आपल्या घरात तांदूळ असताना हे कशाला?" त्या म्हणाल्या. खरंच की! हातभाकऱ्या तांदळाच्या, सान्नं तांदळाची, मार्झिपान काजू-साखरेचं.

पण पिठाशी अडलं. गिरणीत आपल्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतो आणि जात्यात अडकलेलं पीठ आपल्या डब्यात उतरतं. म्हणून अख्खे तांदूळ घेतले, घरीच धुऊन, वाळवून मिक्सरवर दळायला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा! परत ठेवली. सोया सॉसमध्ये गहू. माल्ट व्हिनेगर जवाचं, म्हणून उसाचं घेतलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, परीक्षा आहे का?"

"मसाला घरचाच आहे, त्याची काळजी नको," त्या म्हणाल्या. घरचा म्हणजे बाटली मसाला. उन्हाळ्यात ढीगभर जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. मी सहज विचारलं, "काय काय घालता हो?" त्या बोटांवर मोजू लागल्या. मिरच्या, धणे, जिरं, तीळ, खसखस, चणे... आणि रस्त्यातच थांबल्या. "अगो बाई! गहू!"

भाजलेला मूठभर गहू. दुकानातली एकेक पाटी वाचली आणि घरची बाटली तशीच रश्शात पडणार होती! उलट पावली वळून मिरच्या-धणे पुन्हा घेतले आणि गव्हाशिवाय थोडा मसाला केला.

कुलकुलं मात्र फसली. ती मैद्याची. तांदळाच्या पिठाला तो ताण कुठला? फणीवर दाबली की भेगा! शेवटी पोरांनी त्यांच्या चकत्या थापल्या. मैद्याच्या फुग्या तळायच्या आधी, ताज्या तेलात, त्या तळून घेतल्या.

नाताळच्या दिवशी मुलगी सवयीने डबा घेऊन आली. मैत्रिणीच्या आईने तो काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. पोरीने ताटातल्या एकेका पदार्थाकडे बोट दाखवून "हे चालेल?" असं विचारलं. दरवेळी "चाललं गो" असं उत्तर आलं. मग ती जी जेवली! डबा जाताना मार्झिपानाने भरून गेला.

यंदा मे महिन्यात मसाला कुटताना त्या घरी पहिली बाटली बिनगव्हाची भरली गेली. तिच्यावर माझ्या विद्यार्थिनीच्या नावाची चिठ्ठी आहे.