आंधळ्याला स्मार्ट घड्याळ कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हणतो. विचारणारे वाईट नसतात, बहुतेकांच्या आवाजात काळजीच असते. "बोलणारं घड्याळ स्वस्तात मिळतं ना? मग एवढे पैसे कशाला घालवता?"

बोलणारं घड्याळ मी वर्षानुवर्षं वापरलं. ते बोलतं हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोष. देवळाच्या मांडवात नाटक ऐन रंगात आलेलं असतं, नायिका हुंदके देत असते, आणि माझा अंगठा चुकून बटणावर पडला की किती वाजले ते अख्ख्या मांडवाला कळतं. पुढच्या रांगेतला माणूस मागे वळतो (मला दिसत नाही, खुर्ची करकरते त्यावरून कळतं). डोळस माणूस मनगट जरासं वळवून वेळ बघतो, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. कंटाळा आला आहे हे लपवायची सोय त्याला आहे, मला का नसावी?

ती सोय आज आहे. ॲपलचं घड्याळ २०१५ साली बाजारात आलं, ते व्हॉइसओव्हर हा पडदा वाचणारा प्रोग्रॅम पोटात घेऊनच. काचेवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते सांगतो, बोट सरकवलं की पुढचं वाचतो, दोनदा टिचकी मारली की निवडलेलं उघडतो. वेळ तर न बोलताही कळते. आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली असतील तर मनगटावर आधी आठ छोटे ठोके, मग दहा-दहा मिनिटांचे दोन लांब, मग पाच छोटे. नाटक चालू राहतं, आणि मी घरी जायची शेवटची बस मनातल्या मनात मोजत बसतो.

आपल्या पावसाचं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर माझ्या एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात छत्री. फोन खिशात वाजतो तो वाजतच राहतो, कारण काढायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. घड्याळ मनगटावरूनच सांगतं, फोन बायकोचा आहे की कर्ज देणाऱ्या बँकेचा. रस्ता दाखवायला लावलं तर डाव्या वळणाचे ठोके वेगळे, उजव्याचे वेगळे. कान मोकळे राहतात. आंधळ्या माणसाला रस्त्यावर कान किती लागतात ते डोळसांना सांगून कळायचं नाही. काच ओली झाली की मात्र हेच घड्याळ वेड्यासारखं वागतं, तेही सांगून टाकतो.

आता मुद्द्याचं. हे घड्याळ २५ हजारांच्या आसपास, आणि ते चालायला त्याच कंपनीचा फोन हवा, म्हणजे आणखी तेवढे किंवा त्याहून जास्त. अँड्रॉइडवाल्यांच्या वेअर ओएस घड्याळांत टॉकबॅक असतो, पण तीही गरिबाची नव्हेत. बाजारात ढिगाने खपतात ती दीड-दोन हजारांची. तशी चार-पाच मी एका दुकानात हाताळली. एकातही पडदा वाचणारं काही नव्हतं. एकाचं फोनमधलं ॲप उघडून बघितलं तर माझा फोन वाचत गेला, "बटण, बटण, बटण". कसलं बटण ते बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. दुकानदार बिचारा प्रेमाने म्हणाला, "बाब, तुमकां हें कित्याक जाय?" म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

माझा राग दुकानदारावर नाही. माझा राग "तुमची संख्या किती, बाजार केवढा" असं म्हणणाऱ्या शहाण्यांवर आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेले ५० लाखांवर लोक मोजले गेले. गोव्याची तेव्हाची लोकसंख्या साडेचौदा लाख. गोव्याएवढा बाजार कुठली कंपनी सोडून देईल का? आमचा तीनपट आहे, तो सोडला तर चालतो. बटणाला नाव द्यायला कारखाना लागत नाही, ती लिहिणाऱ्याने लिहायची एक ओळ असते.

आणि हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. बेंगळुरूच्या एचएमटीने, म्हणजे सरकारी कारखान्याने, ब्रेल घड्याळं बनवली होती. काचेचं झाकण उघडायचं, काटे बोटांनी चाचपायचे, आकड्यांच्या जागी उठावाचे ठिपके. आवाज नाही, गवगवा नाही. त्या कंपनीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायदा आला, आणि रोजच्या वापराच्या वस्तू सर्वांना वापरता येतील अशा बनाव्यात म्हणून सरकारने पावलं उचलावीत असं त्याच्या ४३व्या कलमात लिहिलं गेलं. ('दिव्यांग' हा शब्द मला कधीच रुचला नाही. माझ्यात दिव्य काही नाही. मला घड्याळ हवं आहे.) नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. दुकानाच्या काउंटरवर यातलं काहीच पोचलेलं नाही.

२०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो. मला आवडतो, जातोही. पण वर्षाचे बाकीचे दिवस खरेदी दुकानातच करावी लागते, आणि तिथे मी गिऱ्हाईक असतो, पाहुणा नव्हे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा आहे. तशीच खूण घड्याळाच्या डब्यावर हवी, आत पडदा वाचणारा आहे की नाही ते सांगणारी. ती येईपर्यंत एक काम तुम्हीही करू शकता. मडगावात, म्हापशात कुठेही घड्याळ घ्यायला गेलात तर सेटिंग उघडून टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आहे का ते विचारा. तुम्हाला नको असला तरी विचारा. मी एकटाच विचारतो तेव्हा दुकानदाराला माझी दया येते. दहा डोळस गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो कंपनीच्या माणसाला विचारील.